उठल्या उठल्या अंगठे धरू नका

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की बीड, केज, धारूरकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो: "रात्रभर आखडलेली कंबर उठल्या उठल्या वाकून, पायाचे अंगठे धरून मोकळी करा. मोळ्या वाहणाऱ्यांकडे बघा, ओझ्याने मणका लवचिक होतो. वाकते ती कंबर ठणठणीत." मी फिजिओथेरपिस्ट आहे. यातलं एकही वाक्य खरं नाही, आणि पहिलं तर धोक्याचं आहे.

सकाळची कंबर आखडलेली नसते, मणक्यांमधल्या गाद्या फुगलेल्या असतात. झोपेत भार उतरला की गादी पाणी ओढते, रात्री भिजत घातलेल्या हरभऱ्यासारखी टम्म होते. भोवतीचे बंध ताणले जातात, म्हणून वाकणं कमी होतं. ॲडम्स, डोलन आणि हटन यांनी १९८७ साली मृतदेहांच्या मणक्यांवरून हिशोब मांडला: सकाळी वाकताना गादीवरचा ताण सुमारे ३०० टक्क्यांनी जास्त असतो. पहाटेच फडात जाऊन बुडख्याशी वाकणाऱ्या बाईला आपण वर अंगठे धरायला सांगतोय! दिवसभरात उंची जेवढी घटते, त्यातली निम्मी पहिल्या तासाभरातच घटते. तेवढा वेळ उभ्याने वावरा, चाला. १९९८ साली जुनाट कंबरदुखीच्या रुग्णांना सकाळचं वाकणं टाळायला लावलं, तेव्हा त्यांचं दुखणं कमी झालं होतं.

ओझ्याचं म्हणाल, तर मोळी डोक्यावर असते तेव्हा मणका उलट ताठ होतो. तासन् तास भार पडला की गादीतलं पाणी निघतं, ती बसते, बंध ढिले पडतात, आणि संध्याकाळी वाकणं सोपं जातं. याला कमाई कसं म्हणायचं? रात्री झोपलं की ते जातं.

आणि 'वाकते ती ठणठणीत'? गेल्या हंगामानंतर एक मावशी आल्या. गुडघे न वाकवता दोन्ही तळवे फरशीला टेकवले त्यांनी. पण वर येताना हात मांड्यांवर टेकत, एकेक टप्पा घेत आल्या. वाकणं भरपूर होतं, सावरणारा जोर नव्हता. सलग वीसेक मिनिटं पूर्ण वाकून राहिलं की बंध ताणले जातात आणि अर्ध्या तासानंतरही पुरते पूर्ववत होत नाहीत. त्यातला निम्मा ताण मात्र पहिल्या दोन मिनिटांत ओसरतो. म्हणून मावशींना एवढंच सांगितलं: तोड थांबली की लगेच मोळीला हात घालू नका. सरळ उभ्या राहा, पाणी प्या, चार पावलं चाला, मग उचला.