अर्धी गोष्ट राहिली

लेख आवडला, पण संडे सायलेन्स या अमेरिकन शर्यतीच्या घोड्याबद्दल लिहिताना सगळी जागा 1989 मध्ये ईझी गोअर या प्रतिस्पर्धी घोड्याशी झालेल्या झुंजीलाच दिलीत. जपानला फक्त दोन ओळी? खरी मजा तिथेच आहे.

या घोड्याला अमेरिकेत कुणी विचारत नव्हतं. मागच्या पायांचे गुडघे आत वळलेले, आईकडचं घराणंही साधं. लिलावात बोली 17 हजार डॉलरवर अडली, तेव्हा ज्यांच्या फार्मवर तो वाढला त्या हॅनकॉकनी स्वतःच तो परत घेतला. पुढे केंटकी डर्बी जिंकली, प्रीकनेस नाकभर अंतराने मारली, ब्रीडर्स कपही; तिन्ही अमेरिकेतल्या मोठ्या शर्यती. तरी पैदाशीसाठी त्याच्या मालकीतले हिस्से घ्यायला मोजकेच लोक पुढे आले! शेवटी जपानी ब्रीडर झेन्या योशिदांनी त्याला जपानमधल्या होक्काइदोला नेलं.

तिथे 1995 ते 2007, सलग 13 वर्षं तो जपानचा अव्वल स्टॅलियन (पैदाशीचा घोडा); ही यादी पोरांच्या कमाईवर ठरते. 2002 मध्ये खुराच्या आजाराने गेला, तरी यादीत वर तोच, कारण पोरं धावत होती. त्यातल्या डीप इम्पॅक्टने 2005 ला जपानची ट्रिपल क्राउन (एकाच वर्षी तीन मोठ्या शर्यती) जिंकली आणि डीप इम्पॅक्टच्या ऑगस्ट रोदांने 2023 ची इंग्लंडची एप्सम डर्बी. पाय वाकडे म्हणून नाकारलेल्याचा नातू! अमेरिकन ब्रीडर्सनी कपाळावर हात मारून घेतला असेल.

आणि हो, 1989 ची बेल्मॉन्ट शर्यत 'थोडक्यात हुकली' असं लेखात लिहिलंय. आठ लेंग्थनी, म्हणजे आठ घोड्यांच्या लांबीने, हरला होता तो. तेवढं दुरुस्त करा.