औषधात कॅलरी नसतात, तरी वजन वाढतं

‘वजन वाढण्याचं कारण एकच : तोंड. बाकी सगळ्या सबबी!’ अशा मथळ्याचा पाच मुद्द्यांचा मेसेज बरेच दिवस फिरतोय. सूर इतका ठाम आहे की वाचणारा जाड माणूस मुकाट मान खाली घालतो. त्यातले मुद्दे त्याच क्रमानं घेऊ.

‘जाळतो त्यापेक्षा जास्त खाल्लं की वजन वाढतं. विषय संपला.’

हिशेब बरोबर आहे, पण ते कारण नव्हे. नदीला पूर का आला, तर पाणी जास्त झालं म्हणून, असं म्हणण्यापैकी ते आहे. पाणी कुठून आलं, हा खरा प्रश्न. १९९० साली कॅनडात क्लोद बुशार यांच्या गटानं एकसारख्या जुळ्या तरुणांच्या १२ जोड्यांना १०० दिवसांतले ८४ दिवस रोज १००० कॅलरी जादा दिल्या. जादा कॅलरी सगळ्यांना सारख्याच; पण कुणाचं वजन ४.३ किलोंनी वाढलं, कुणाचं १३.३. सख्ख्या जुळ्यांचे आकडे मात्र एकमेकांच्या बरेच जवळ. जादा खाल्लेलं किती अंगी लागणार, यात जन्माचाही वाटा असतो तो असा.

‘औषधात कॅलरी नसतात, मग त्यानं वजन कसं वाढेल?’

पाचांतला हा सर्वांत घातक मुद्दा. प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड भूक वाढवतात, अंगात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि चरबी चेहऱ्यावर, पोटावर साठवतात. मानसिक आजारांवरची ओलान्झापिन आणि क्लोझापिन, नैराश्यावरचं मिर्टाझापिन, फिट्सवरचं व्हॅल्प्रोएट यांनीही वजन वाढतं, आणि हे त्यांच्या माहितीपत्रकातच छापलेलं असतं.

इन्सुलिनचं उदाहरण तर मुद्दाम पाहण्यासारखं आहे. मधुमेह आटोक्यात नसताना बरीच साखर लघवीवाटे वाया जाते. इन्सुलिन सुरू झालं की ती गळती थांबते आणि खाल्लेलं खरोखर अंगी लागायला लागतं. म्हणजे ताटात एक घासही जास्त न वाढता वजन वाढू शकतं. आता सांगा, तोंडाचा काय दोष?

आणि घातक अशासाठी, की डॉक्टरही सबबच म्हणतील या भीतीनं माणूस त्यांना काही विचारत नाही, परस्पर गोळ्या बंद करतो. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड एकदम थांबवलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. व्हॅल्प्रोएट थांबवलं तर फिट्स उलटतात. वजन वाढतंय हे डॉक्टरांना सांगितलं, तर पुष्कळदा डोस किंवा औषध बदलता येतं.

‘थायरॉइड ही तर ठरलेली सबब.’

इथे मेसेजवाल्याला अर्धे गुण द्यायला हवेत. थायरॉइड मंदावल्यानं वाढणारं वजन साधारण दोन ते साडेचार किलो, आणि त्यातही बराचसा भाग मीठ-पाण्याचा. वीस किलो एकट्या थायरॉइडच्या माथी मारता येत नाहीत. पण थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठ आणि सोबत वाढतं वजन असेल, तर रक्ततपासणी करून घेणं ही सबब कशी? हात-पाय बारीक होत पोट आणि चेहरा फुगत असेल, अंगावर जांभळट पट्टे उठत असतील, तर कुशिंग सिंड्रोमचीही (अंगात कॉर्टिसॉल हे संप्रेरक फार वाढण्याचा आजार) शंका घ्यावी लागते. तो विरळा आहे, म्हणूनच निदानाला वर्षं जातात.

‘तिशीनंतर चयापचय मंदावतो, म्हणून निम्मं जेवा.’

कारण एकच म्हणता म्हणता चौथ्या मुद्द्यात दुसरं कारण आलं, तेही चुकीचं. २०२१ मध्ये हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी ६,४०० हून अधिक माणसांची मोजमापं तपासली. शरीराचा आकार आणि स्नायू जमेस धरले, तर विशी ते साठी चयापचय जवळपास स्थिर राहतो. उतार लागतो तो साठीनंतर.

‘जास्त झोपणारेच जाड होतात.’

याच्या उलट बाजूचा, म्हणजे कमी झोपेनं वजन वाढतं याचा, पुरावा जास्त भक्कम आहे. २००४ मध्ये शिकागो विद्यापीठात १२ तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं. भरपूर झोपेच्या तुलनेत, पोट भरल्याची खूण देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी घटलं, भूक चाळवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढलं. बाराच माणसं, मान्य. पण २०२२ मध्ये तिथल्याच संशोधकांनी कमी झोपणाऱ्या, वजन जास्त असलेल्या ८० माणसांवर प्रयोग केला. त्यातल्या ज्यांची झोप तासाभरानं वाढवली, त्यांचं खाणं आहाराचा कोणताही सल्ला न देता दिवसाला सुमारे २७० कॅलरींनी कमी झालं.

मेसेजमध्ये एक गोष्ट मुळातच नाही, ती म्हणजे अंगात साचणारं पाणी. एक किलो चरबी साठायला साधारण ७,७०० जादा कॅलरी लागतात. तेव्हा दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढले, पायांवर सूज आली, आडवं झाल्यावर धाप लागू लागली, तर ती चरबी नव्हे. हृदय किंवा मूत्रपिंड थकल्याची ती खूण असू शकते. अशा माणसाला जेवण कमी कर म्हणून सांगत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.