खुलासा: वॉरन स्टीव्हन्सने नेमका कोणता पास पहिल्यांदा टाकला?

‘कॅनेडियन फुटबॉलमधला पहिला फॉरवर्ड पास वॉरन स्टीव्हन्सने टाकला आणि पुढे तो सीएफएलचा (कॅनेडियन फुटबॉल लीगचा) कोच झाला’, असा मजकूर फिरतो आहे. दोन्ही विधानं चुकीची आहेत.

रग्बीतून आलेल्या या खेळात चेंडू हाताने पुढे फेकायला, म्हणजेच फॉरवर्ड पासला, आधी बंदी होती. पश्चिमेकडच्या संघांनी 1929 मध्येच तो प्रयोग सुरू केला. त्याच वर्षीच्या ग्रे कपच्या, म्हणजे कॅनेडियन फुटबॉलच्या राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या, फायनलमध्ये रेजायना संघाने फॉरवर्ड पास वापरलाही. सामना मात्र हॅमिल्टन टायगर्सने 14–3 असा जिंकला. देशभर मुभा मिळाली 1931 मध्ये. त्या हंगामात अमेरिकेतल्या सिरॅक्यूजहून आलेला स्टीव्हन्स मॉन्ट्रियल विंग्ड व्हीलर्स संघाचा क्वार्टरबॅक (चढाई चालवणारा, पास टाकणारा खेळाडू) होता. 5 डिसेंबरच्या फायनलमध्ये त्याचा पास केनी ग्रँथमने झेलला, आणि ग्रे कपमधला पासवरचा पहिला टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे नेऊन मिळवलेले गुण) नोंदला गेला. विक्रम आहे तो हा. मॉन्ट्रियलने रेजायनाला 22–0 हरवलं.

कोचिंगचं म्हणाल, तर 1932 पासून तो टोरांटो विद्यापीठात होता: संघाचा कोच, शिवाय थेट 1970 पर्यंत क्रीडा संचालक. सीएफएल तर 1958 मध्ये जन्माला आली.