‘काढाच आहे, त्यानं काय होतंय?’

माझं पेठेत औषधांचं दुकान आहे. बीपीची गोळी घेताना गिऱ्हाईक शंभर प्रश्न विचारतं. किडनीवर परिणाम होईल का, सवय लागेल का, आयुष्यभर घ्यायची का. तेच गिऱ्हाईक मंडईजवळच्या काष्ठौषधीच्या दुकानातून कसलंसं चूर्ण बांधून घेतं तेव्हा तोंडातून अवाक्षर काढत नाही. मी विचारलं तर वरचं वाक्य ऐकायला मिळतं.

माझा आक्षेप काढ्याला नाही, या सोयीस्कर हिशेबाला आहे. गुण सांगायचे असले की वनस्पती औषध असते. ती शुगर उतरवते, गुडघे मोकळे करते, लिव्हर ‘साफ’ करते. दोषांबद्दल विचारलं की तीच वनस्पती पटकन मिसळणाच्या डब्यात जाऊन बसते, ‘अहो, घरचीच वस्तू आहे!’ शरीरात काही घडवण्याची ताकद तिच्यात असेल, तर नको ते घडवण्याचीही असणार. आणि तशी ताकदच नसेल, तर मग घेता कशाला?

गुळवेलीचंच घ्या. 2020 मध्ये आयुष मंत्रालयानं जो काढा सुचवला त्यात तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ आणि मनुका होत्या. आपल्याकडे घरोघरी त्यात गुळवेलीचीही भर पडली. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला सूज आलेल्या सहा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. मंत्रालयानं हरकत घेतली की ही गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. हरकत रास्तच होती, कारण ओळखण्यात अशी गल्लत होऊ शकते. पण 2022 मध्ये देशातल्या वेगवेगळ्या केंद्रांमधल्या 43 रुग्णांचा मोठा अभ्यास आला. त्यात रुग्णांकडून मिळालेले गुळवेलीचे नमुनेही तपासले होते आणि त्यांत बाहेरची भेसळ सापडली नाही. आजाराचं स्वरूप असं, की शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटते. थायरॉइड आणि मधुमेहाचे रुग्ण त्यात बरेच होते. म्हणजे नेमकी तीच मंडळी, ज्यांना शेजारच्या काकू कळवळून गुळवेल सुचवतात. लाखोंनी घेतली आणि थोड्यांना त्रास झाला हे खरंच आहे. पण ‘प्रतिकारशक्ती वाढवते’ ही जाहिरात म्हणून सांगायची गोष्ट असेल, तर ज्यांची प्रतिकारशक्ती आधीच वाट चुकलेली आहे त्यांना ती सावधगिरी म्हणूनही सांगायला हवी ना?

आता याच गुळवेलीची दुसरी बाजू, आणि तीही आपल्या पुण्यातली. इथल्या सेंटर फॉर ऱ्हूमॅटिक डिसीजेसचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी गुडघेदुखीवर एक चाचणी केली, ती 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. 440 रुग्ण, 24 आठवडे. कोणाला काय मिळतंय हे रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. एकीकडे सुंठ, गुळवेल, आवळा, सालई गुग्गुळ यांचे अर्क असलेल्या आयुर्वेदिक कॅप्सुला, दुसरीकडे ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब ही गुडघेदुखीवरची नेहमीची औषधं. वेदना कमी करण्यात आयुर्वेदिक कॅप्सुला बरोबरीच्या ठरल्या. मात्र काही जणांचं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरच्या तपासणीतला आकडा, वाढलं. त्रास काही नव्हता, औषध थांबवल्यावर रिपोर्ट पूर्ववत झाला. आणि संशोधकांनी हे लपवलं नाही, पेपरच्या सारांशातच लिहिलं. मला आयुर्वेदाचा अभिमान वाटतो तो अशा कामाचा. उपयोग होतो हेही मोजलं, कुठं लक्ष ठेवायला हवं हेही मोजलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या फॉरवर्डमध्ये मात्र यातलं पहिलं अर्धंच फिरतं.

सर्पगंधेची गोष्ट अशीच आहे. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा उपयोग मांडला आणि जग आपल्या मुळीकडे बघायला लागलं. तीन वर्षांत त्यातून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं गेलं. ते बीपी उतरवायचं, पण जास्त मात्रेत काही रुग्णांना खिन्नतेकडे ढकलायचं. तो परिणाम वनस्पतीचाच, कारखान्यानं मिसळलेला नव्हे. आर्टेमिसिनिन या वनस्पतीतून काढलेल्या मलेरियावरच्या औषधाच्या शोधाला 2015 चं नोबेल मिळालं. त्यात तर गंमत अशी, की वनस्पती उकळली की गुण नाहीसा व्हायचा. चिनी संशोधक तू योयो यांनी जुन्या चिनी ग्रंथातली थंड पाण्याची कृती वाचून कमी तापमानाला अर्क काढला, तेव्हा कुठे काम झालं. त्या झाडाचा नुसता चहा मलेरियावर घेऊ नका, असंच जागतिक आरोग्य संघटना आजही सांगते. परंपरेनं दिशा दाखवली हे कबूल, पण मात्रा प्रयोगशाळेत ठरली.

सारसबागेच्या आसपास सकाळी रस मिळतात. गव्हांकुर, कारलं, आवळा, दुधी भोपळा. यातल्या दुधीबद्दल स्पष्ट सांगतो. रस कडू लागला तर थुंकून टाका, भिडेखातर पिऊ नका. दुधीत कधीकधी कुकुर्बिटासिन नावाची विषारी द्रव्यं वाढतात. 2010 मध्ये दिल्लीत असा रस पिऊन मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआर या देशाच्या वैद्यकीय संशोधन परिषदेनं तज्ज्ञांची समिती नेमली. समितीच्या सल्ल्यात दोन गोष्टी महत्त्वाच्या होत्या. कडू रस टाकून द्या आणि दुधीचा रस दुसऱ्या रसात मिसळू नका. कारल्यात मिसळला तर कडू कोण हे जिभेला कसं कळणार? तरी ‘मिक्स’ रस सर्रास मागितला जातो.

हळदीचं मी थोडक्यात आटपतो, कारण तिच्यावर बोललं की लोक चिडतात. भाजीतली हळद निर्धास्त खा. पण तिच्यातलं कुर्क्युमिन शरीरात फारसं शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सुलमध्ये मिरीतलं पायपेरिन घालतात. त्यानं शोषण वीसपटीपर्यंत वाढल्याचं 1998 च्या भारतीय प्रयोगात दिसलं होतं. बाटलीवर हे फुशारकीनं छापलेलं असतं. वीसपट शोषलेली हळद ही आता आजीची हळद राहिलेली नसते. अमेरिकेत अशा गोळ्यांनी लिव्हर बिघडलेल्यांमध्ये एक ठरावीक जनुकीय खूण वारंवार आढळली, आणि ग्रीन टीच्या अर्कानं लिव्हर बिघडलेल्यांमध्येही तीच. ग्रीन टी कपातून प्या, काही होत नाही. कॅप्सुलची गोष्ट वेगळी. त्यातलं ईजीसीजी हे द्रव्य दिवसाला 800 मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त झालं तर लिव्हरच्या तक्रारींची शक्यता युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं 2018 मध्ये नोंदवली आहे.

आणि ज्येष्ठमध. खोकल्याला चार दिवस चघळलात तर ठीक. पण रोजच्या काढ्यात महिनोन् महिने घातलात तर ते शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतं, पोटॅशियम उतरवतं, बीपी चढवतं. बीपीसाठी लघवीची गोळी चालू असेल तर पोटॅशियम दोन्हीकडून उतरतं. म्हणून मी आता विचारतो, ‘आणखी कुठलं औषध चालू आहे?’ उत्तर हमखास ‘काही नाही’ असतं. मग ‘घरगुती काही?’ म्हटलं की यादी सुरू होते.

या सगळ्यात बिचाऱ्या चहाला उगाच शिव्या बसतात. काढा पवित्र आणि चहा व्यसन! वास्तविक माणसांवरचा पुरावा तोलायचा झाला तर चहाची बाजू बऱ्याच काढ्यांपेक्षा भक्कम आहे. ब्रिटनमधल्या सुमारे पाच लाख लोकांचा अकरा वर्षांहून अधिक काळ मागोवा घेतलेला अभ्यास 2022 मध्ये आला. रोज दोन किंवा जास्त कप, बहुतांशी आपल्यासारखाच काळ्या पत्तीचा चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका 9 ते 13 टक्के कमी दिसला. दूध-साखर घालणाऱ्यांतही. मात्र हे निरीक्षण आहे. चहामुळेच आयुष्य वाढलं असं त्यातून सिद्ध होत नाही. शिवाय ब्रिटिशांचा दुधाचा थेंब आणि आपल्या अमृततुल्यातलं पातेल्यात आटवलेलं गोड प्रकरण एक नव्हे. चार कप झाले की साखरेचा दिवसाचा कोटा तिथंच संपतो.

चहाचे खरे दोष दोन, आणि त्यांबद्दल कोणी बोलत नाही. एक म्हणजे जेवणाला लागून घेतलेला चहा. पालेभाजी, डाळ, बाजरीतलं लोह त्यातल्या द्रव्यांना चिकटतं आणि शोषलं जात नाही. महाराष्ट्रात 15 ते 49 वयातल्या 54 टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हा 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा. लोहाची गोळी चहाबरोबर गिळणाऱ्या ताया मी रोज पाहतो. मध्ये तासाभराचं अंतर ठेवलं तरी बराच फरक पडतो. दुसरा दोष उकळता घोट. 65 अंशांवरची कुठलीही पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं 2016 मध्ये जाहीर केलं. दोष चहाचा नाही, चटक्याचा. बशीत ओतून पिणाऱ्या आजोबांना नातवंडं हसतात, पण शास्त्र आजोबांच्या बाजूनं आहे.

कमेंटमध्ये ‘हा औषध कंपन्यांचा माणूस’ असं येणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. दुकान माझंच आहे आणि हळदीच्या, ग्रीन टीच्या, अश्वगंधेच्या कॅप्सुलाही मी विकतो. सरकारी दरनियंत्रणात असलेल्या बीपीच्या गोळीवर किरकोळ विक्रेत्याला 16 टक्के नफा धरलेला असतो. या ‘नैसर्गिक’ बाटल्यांवर तसं कुठलंच बंधन नाही, आणि मला त्यावर कितीतरी जास्त सुटतात.