सत्तरीनंतर घशात नळी नको, असं सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

गेले काही महिने एक मेसेज घरोघरच्या ग्रुपांवर फिरतोय. मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेशंटला तपासायला गेले की नातेवाईक मोबाइल पुढे करून तोच दाखवतात. सत्तरीनंतर पूर्ण भूल घेतली तर घशात नळी घालतात आणि मग म्हातारं माणूस व्हेंटिलेटरवरून परत येत नाही, असं त्यात लिहिलंय. पुढे म्हटलंय: म्हणून कमरेतलीच भूल मागा, तिला धोका नाही. दात नसलेल्यांना नळी घालणं सोपं असतं, तपासण्या नुसत्या बिलासाठी. आणि पेशंटला उपाशी नेऊ नका, साखर कमी होते, चहा-बिस्किट देऊन न्या. हा मजकूर वाचून ऑपरेशनला नकार दिलेली, मोडलेला खुबा घेऊन अंथरुणात पडून राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी नळीबद्दल. मेसेज लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आयसीयू आहे. तिथे नळी घातलेली माणसं दगावतात, पण न्यूमोनियाने, जंतुसंसर्गाने किंवा मेंदूतल्या रक्तस्रावाने ती आधीच अत्यवस्थ असतात. नळी त्या आजारामुळे घालावी लागते. तो आजार नळीमुळे झालेला नसतो. ऑपरेशनच्या वेळची गोष्ट वेगळी. भुलीच्या औषधाने जीभ सैल पडून मागे जाते, घशाचे स्नायू ढिले होतात, आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिलं की श्वासही थांबतो. तेवढा वेळ हवेची वाट मोकळी ठेवायला नळी लागते. तिच्या टोकाजवळ एक छोटा फुगा असतो. तो श्वासनलिकेत फुगवला की पोटातून वर आलेलं पाणी फुप्फुसात उतरायला अडतं. वय वाढतं तशी ठसक्याची ताकद कमी होते, घशात काही चुकीच्या वाटेने गेलं तरी पटकन जाणवत नाही. ज्यांना या फुग्याचा आधार सगळ्यांत जास्त हवा, त्यांनाच हा मेसेज नळीची भीती घालतो.

बहुतेकांची नळी ऑपरेशन संपल्यावर तिथेच, टेबलावर निघते. काहींची निघत नाही, हे खरं आहे. आतडं फुटून मध्यरात्री आलेले, फुप्फुसं आधीच खराब असलेले पेशंट एक-दोन दिवस मशीनवर राहू शकतात, आणि तशी शक्यता दिसत असेल तर घरच्यांना ती आधीच सांगायला हवी. ब्रिटनमध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत पूर्ण भुलीतली श्वासमार्गाची गंभीर गुंतागुंत साधारण 22,000 भुलींमागे एकदा नोंदली गेली. हा आकडा सगळ्या वयांचा मिळून आणि तिथला आहे. थकलेल्या शरीराला धोका जास्त धरूनच आम्ही तयारी करतो. पण त्याच पाहणीत भुलीतल्या अशा मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण होतं पोटातलं अन्नपाणी फुप्फुसात जाणं. चहा-बिस्किटाकडे येईन तेव्हा हे आठवा.

कमरेतली भूल चांगली आहे, मी स्वतः रोज देते. पण ‘धोका नाही’ हे खोटं. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या चालू असतील तर मणक्यात रक्त साकळू शकतं. हृदयाची झडप फार अरुंद असेल तर रक्तदाब घसरणं महागात पडतं. अमेरिका आणि कॅनडात खुबा मोडलेल्या 1,600 पेशंटांवर झालेला एक मोठा अभ्यास 2021 साली प्रसिद्ध झाला. दोन महिन्यांनी मरण पावलेले किंवा काठी-वॉकर घेऊनही स्वतःचं स्वतः चालू न शकणारे मोजले, तर कमरेतल्या भुलीत 18.5 टक्के आणि पूर्ण भुलीत 18 टक्के. कोणती भूल, यापेक्षा ऑपरेशन दोन दिवसांच्या आत झालं का, हे मी जास्त महत्त्वाचं मानते.

दातांचा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच घात होतो. पुढचे दात नसले की स्वरयंत्र दिसायला सोपं जातं. पण नळी घालण्याआधी तोंडावर मास्क धरून श्वास द्यावा लागतो, आणि दात नसलेल्या माणसाचे गाल आत बसलेले असतात. मास्क नीट टेकत नाही, कडेने हवा सुटते. शिवाय म्हातारपणी फुप्फुसातला ऑक्सिजनचा साठा लवकर संपतो, म्हणून भूल देण्याआधी तीन मिनिटं शुद्ध ऑक्सिजन देतो. कधी मास्क बसावा म्हणून कवळी थोडा वेळ तोंडात ठेवायला सांगतो, कधी आधीच काढायला लावतो. ते आम्हाला ठरवू द्या, फक्त कवळी लपवू नका. हलणारा एकच दात उरला असेल तर तोही सांगा. तो निसटून श्वासनलिकेत गेला तर फार मोठी अडचण होते.

‘आ करा, जीभ बाहेर काढा’ म्हणतो ती तपासणी फुकट होते आणि मिनिटभरात होते. मूळच्या आंध्रातल्या डॉ. मल्लमपती यांनी 1985 मध्ये बॉस्टनला असताना ती मांडली, आज जगभर वापरतात. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी मावतात का, मान मागे किती जाते, हेही बघतो. मानेचे मणके झिजलेले असतात. गुटख्याने तोंड उघडेनासं झालेले आजोबा आपल्याकडे थोडे नाहीत. हे आदल्या दिवशी कळलं तर व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, म्हणजे नळी घालताना कॅमेऱ्यातून स्वरयंत्र दाखवणारं उपकरण, हाताशी ठेवता येतं, जोडीला दुसरा भूलतज्ज्ञ बोलावता येतो. भूल दिल्यावर कळलं तर हातात मिनिटंच असतात.

आता चहा-बिस्किट. एका आजींना मुलाने पहाटे मायेपोटी दुधाचा चहा आणि दोन बिस्किटं दिली आणि मला ‘काही नाही दिलं’ म्हणून सांगितलं. आजींनीच टेबलावर सांगितलं, म्हणून आम्ही थांबलो आणि दुपारी ऑपरेशन केलं. दूध आणि हलकं खाणं यांना सहा तास लागतात, तळकट-मटणाला आठ. साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. इथे चूक आमच्याही लोकांची आहे: रात्री दहापासून पाण्याचा थेंबही नको, असं सरसकट सांगून म्हाताऱ्यांना सुकवणं बरोबर नाही, आणि त्यातूनच असे मेसेज जन्म घेतात. मधुमेह असेल तर पहिला नंबर मागा; साखर मोजता येते, सलाइनमधून सावरता येते.

नळी निघाल्यावर एक-दोन दिवस घसा खवखवतो, आवाज बसतो. आठवडा-दोन आठवड्यांनीही आवाज बसलेलाच असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि आदल्या दिवशी मी तपासायला येईन तेव्हा सांगा: आजोबा रात्री घोरतात का, झोपेत श्वास अडकतो का, पाणी पिताना ठसका लागतो का, मागच्या ऑपरेशनला नळी घालायला त्रास झाला होता का.