खुलासा : जिम ट्रेनर व्हायला बी.पी.एड. लागत नाही

'बी.पी.एड. आणि सरकारी लायसन्स नसेल तर जिममध्ये ट्रेनर होता येत नाही' असा मेसेज फिरतोय. तसं काही नाही. बी.पी.एड. हा शाळेत पीटीचे शिक्षक होण्यासाठीचा 2 वर्षांचा कोर्स. ट्रेनरसाठी आपल्याकडे असं लायसन्सच नाही. जिमवाले सर्टिफिकेट बघतात. उदाहरणार्थ, अमेरिकेच्या 'एसीई' (अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज) या संस्थेच्या ट्रेनर सर्टिफिकेटला वय 18 पूर्ण, बारावीपर्यंतचं शिक्षण आणि सीपीआर-एईडीचं (हृदय बंद पडल्यास छाती दाबून आणि शॉक देणारं यंत्र वापरून करायच्या प्रथमोपचाराचं) प्रमाणपत्र लागतं. पेपर 150 प्रश्नांचा, तोही इंग्रजीत, म्हणून इंग्रजीचा सराव असलेला बरा. शिवाय दर 2 वर्षांनी नूतनीकरण, जे फी भरताना सहसा कुणी विचारत नाही! आणि सुरुवातीला काम काय, तर लोकांनी इकडेतिकडे टाकलेले डंबेल्स उचलून रॅकवर लावायचे. बरे पैसे सुटतात ते स्वतःचे क्लायंट जमल्यावर.