आडवी बाटली, उभी बाटली

एका रविवारी सकाळी लोणच्याच्या आणि सॉसच्या रिकाम्या बाटल्या पिशवीत भरून कोपऱ्यावरच्या, जुनी काच गोळा करायच्या कंटेनरपाशी गेलो. पांढऱ्या, तपकिरी आणि हिरव्या काचेसाठी वेगवेगळी भोकं. पहिली बाटली आत पडून खळ्ळकन फुटली, तशी समोरची खिडकी उघडली. "आज रविवार आहे!" आजी एवढंच म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली. कंटेनरवर पाटी होतीच : फक्त कामाच्या दिवशी, सकाळी 7 ते रात्री 8. उरलेल्या बाटल्या, आवाज होऊ नये म्हणून छातीशी धरून, घरी आणल्या.

मी जर्मनीत, श्टुटगार्टला राहतो. इथे रविवारी भिंतीला ड्रिल लावायचं नाही, आणि रेल्वे स्टेशन, पेट्रोल पंप, बेकरी असे अपवाद सोडले तर दुकानंही बंद. सोमवारी जेवताना मी हे तिखटमीठ लावून सांगितलं. त्यावर एका सहकाऱ्याने फोनवरची 'जगातले विचित्र कायदे' अशी यादी उघडली आणि विचारलं, "तुमच्याकडे दारू प्यायला सरकारी परवाना लागतो म्हणे, आणि तोही तब्येतीसाठी?"

लागतो. मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा. आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. 'आरोग्याचे रक्षण' व्हावं म्हणून परमिट, हे शब्द त्यात खरोखर आहेत. एका दिवसाचं परमिट विदेशी दारूला 5 रुपये, देशीला 2, आणि आयुष्यभराचं 1000. 'परमिट रूम'च्या पाट्या आपण लहानपणापासून वाचत आलो, पण त्यातलं परमिट कुणाचं, हे मलाही नोकरीला लागल्यावर कळलं. टेबलावर हशा पिकला. मीही हसलो, पण थोडं उशिरा.

कारण गंमत त्यांनाही चुकलेली नाही. जर्मनांची राज्यघटनाही 1949 चीच. तिने 1919 च्या वायमार घटनेतलं, म्हणजे पहिल्या जर्मन प्रजासत्ताकाच्या घटनेतलं, एक कलम जसंच्या तसं उचललं : रविवार हा विश्रांतीचा आणि मनाच्या उन्नतीचा दिवस. बर्लिनने नाताळाआधीच्या चारही रविवारी दुकानं उघडी ठेवायचं ठरवलं, तेव्हा चर्च कोर्टात गेली आणि 2009 मध्ये जर्मनीच्या घटना न्यायालयाने ते अमान्य केलं. मनाच्या उन्नतीसाठी दुकान बंद आणि आरोग्यासाठी दारू चालू; यात जास्त विचित्र काय, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमच्या भावंडांच्या ग्रुपवर मात्र निकाल लागलेला असतो. इंग्रजांच्या काळातली आणि नंतरचीही सगळी अडगळ मोडीत काढा. पंधराशेहून जास्त जुने कायदे केंद्राने रद्द केले, पिनल कोड जाऊन 1 जुलै 2024 पासून न्याय संहिता आली, मग हे परमिट कशाला ठेवलंय? परमिट जावं, हे मलाही पटतं, पण ते हास्यास्पद आहे म्हणून नव्हे. मागच्या खेपेला सुट्टीत नाकाबंदीत गाडी थांबली. डिकीत सीलबंद बाटली, सोबत दुकानाचं बिल. "परमिट?" दुकानदाराने विकताना विचारलं नव्हतं, त्याआधी वीस वर्षांत कुणीच विचारलं नव्हतं. पुढे काय झालं ते सांगायची गरज नाही, तुम्हीही त्या नाक्यावरून गेला असाल. आजींचा रविवार दर आठवड्याला येतो आणि मलाही लागतो, त्यांच्या जावयालाही. आमचं परमिट मात्र कुणालाच लागत नाही, आणि ज्या दिवशी साहेबांच्या मनात येतं त्या दिवशी नेमकं लागतं.

हे सगळं त्या टेबलावर कसं सांगणार? त्याऐवजी मी मावशीच्या गावाची गोष्ट सांगितली. महाराष्ट्रात गावातल्या पंचवीस टक्के महिला मतदारांनी मागणी केली, की दारूच्या दुकानावर मतदान घेता येतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं, उभी बाटली आणि आडवी बाटली. निम्म्याहून जास्त महिला मतदारांनी आडवीवर शिक्का मारला, की दुकानाला कुलूप. लिहिता-वाचता न येणाऱ्या बाईलाही कळेल असं. मावशीच्या गावात आडवी जिंकली. त्या संध्याकाळी मावशीने फोनवर निकाल आधी सांगितला, मग माझी खुशाली विचारली. हातभट्टी नंतर शेजारच्या गावातून यायला लागली, हेही तिनेच सांगितलं, न लपवता.

सहकाऱ्याने विचारलं, "पुरुषांना मत नाही?"

"नाही."

त्याने फोन खिशात ठेवला. थोड्या वेळाने कुणीतरी विचारलं, बाटली आडवी करायची कल्पना कुणाची? ते काही मला सांगता आलं नाही.